तेरा, दहा, नऊ

बटणं मोजायला काही फार वेळ लागला नाही. बत्तीस माणसं, बत्तीस बटणं आणि खुंट्यांना टांगलेले तीन अभ्रे. कोठीवाल्यांनी पहिला अभ्रा टेबलावर पालथा केला, एकेक बटण बोटानं बाजूला सरकवलं आणि म्हणाले, "शिट्टी, तेरा." दुसरा पालथा केला. "थोरली, दहा." तिसऱ्यातली बटणं पडायच्या आतच सगळ्यांना उत्तर कळलं होतं, पण कोठीवाले नियमाचे पक्के, त्यांनी तीही मोजली. "धाकटी, नऊ."

मोठ्या इस्पितळाच्या तळघरात लाँड्री होती आणि तिथं दर सहा महिन्यांनी पाळीप्रमुख असा निवडला जायचा. पडद्याआड जायचं, हातातलं बटण हव्या त्या अभ्र्यात टाकायचं आणि तोंड शक्य तितकं कोरं ठेवून बाहेर यायचं. ज्याची बटणं जास्त, तो पाळीप्रमुख. बटणं रुग्णांच्या जुन्या गाऊनची, अभ्रे बाद झालेले, आणि कपड्यांच्या कोठीचे कारभारी कोठीवाले हे कायमचे निवडणूक अधिकारी. इतकी वर्षं कुणाची तक्रार नव्हती.

थोरली मात्र त्या तीन ढिगांकडे बघत राहिली. तिला तेराचा राग नव्हता. तेरा येणारच होते. तिला राग होता तो नऊचा.

थोरली आणि धाकटी सख्ख्या जावा. दोन भावांच्या बायका, एका घरात राहणाऱ्या, एका बसनं कामावर येणाऱ्या आणि लाँड्रीतल्या रफूच्या खोलीत समोरासमोर दोन शिलाई मशिनींवर बसणाऱ्या. थोरलीला तिथं बावीस वर्षं झाली होती, धाकटीला चौदा. फाटलेली चादर, उसवलेला गाऊन, बटण तुटलेला सदरा असं सगळं त्यांच्याकडे यायचं आणि शिवून परत जायचं. खोलीला छताजवळ एक लांबट खिडकी होती, तिच्यातून रस्त्यावरून जाणाऱ्यांचे फक्त पाय दिसायचे. त्या पायांवरून दोघींचे रोज वाद व्हायचे. कोण डॉक्टर, कोण रुग्णाचा नातेवाईक, कुणाचं लग्न ठरलंय. थोरली एक म्हणायची, धाकटी दुसरं.

एरवी जगातल्या कुठल्याही मोठ्या विषयावर दोघींचं मत एकच असायचं. दोघींची उंची एक, आवाज एक, चष्मेसुद्धा एकाच दुकानातून एकाच दिवशी घेतलेले. नवीन माणूस लाँड्रीत आला की पहिला महिनाभर तो धाकटीला थोरलीचे निरोप देत राहायचा. दोघी भांडायच्या त्या बारीकसारीक गोष्टींवरून, पण भांडायच्या मात्र मन लावून. आणि भांडायच्या फक्त रफूच्या खोलीत. कारण घर तीन खोल्यांचं होतं आणि सासूबाईंचे कान सहा खोल्यांना पुरतील इतके तिखट. "चौदा वर्षांत माझ्या सुनांचा आवाज चढलेला मी ऐकला नाही," असं सासूबाई येईल त्याला सांगायच्या, आणि ते अगदी खरं होतं. चढायचा तो आवाज नऊ ते पाच, जेवणाची सुट्टी वगळून, तळघरात चढायचा.

आणि नेमक्या त्याच खोलीवर शिट्टीचा डोळा होता. शिट्टी म्हणजे इस्त्रीकडचा मुख्य माणूस. चालताना शीळ घालायचा, काम करताना घालायचा, कुणी रागवत असेल तर जरा हळू घालायचा. माणूस वाईट नव्हता. त्याचा एकच कार्यक्रम होता आणि तो तीन शब्दांत मावायचा: "फाटलं की फेकलं." चादर शिवत बसण्यापेक्षा नवी घ्यावी, रफूची खोली मोकळी करावी, तिथं दुसरा इस्त्रीचा रोलर बसवावा म्हणजे सगळ्यांना एक तास आधी घरी जाता येईल. थोरलीला धुलाईकडे पाठवावं आणि धाकटीला वाळवणीकडे. पाळीप्रमुख झाला की हे सगळं त्याच्या हातात होतं.

धुलाई तळघराच्या या टोकाला, वाळवणी त्या टोकाला. मधे यंत्रांचा असा धडधडाट की बोलायचं तर हातवारे करून. आता हातवाऱ्यांनी पाणी मागता येतं, कोण कुठं आहे ते विचारता येतं, पण हातवाऱ्यांनी भांडता येत नाही, निदान समाधान होईल असं तर नाहीच नाही. थोरलीनं हा विचार केला. तिनं गुपचूप अर्ज लिहिला आणि जेवणाच्या सुट्टीत कोठीत टाकायला गेली. तेव्हा धाकटी समोरून आपला अर्ज टाकून परत येत होती.

"तू?" थोरली म्हणाली.

"तुम्ही?" धाकटी म्हणाली.

दोघींच्या अर्जांत एकच वाक्य होतं. "चादर शिवून वापरता येते तर फेकायची कशाला?" मग पंधरा दिवस हेच वाक्य दोघींनी बाकीच्या तीस माणसांना वेगवेगळं गाठून ऐकवलं. एकीनं माघार घेऊन बसावं असं सगळे म्हणाले. "मी थोरली आहे," थोरली म्हणाली. "म्हणूनच म्हणते, तुम्ही आता आराम करा," धाकटी म्हणाली. असं म्हटल्यावर कोण बसेल? शेवटी शिट्टी तेरा, थोरली दहा, धाकटी नऊ.

"थांबा जरा," घडीवाली म्हणाली. चादरींच्या घड्या घालणाऱ्या बायकांची ती प्रमुख होती आणि तिचा आवाज यंत्रांच्या धडधडाटातूनही ऐकू यायचा. "एकोणीस जणांना रफू हवी होती. तेरा जणांना नको होती. आणि रफू गेली. हे कुठलं गणित?"

"गणित बरोबर आहे," कोठीवाले म्हणाले, "पद्धत चुकीची आहे." पण तोवर शिट्टी काचेच्या केबिनमध्ये जाऊन बसला होता आणि शीळ घालत होता.

दुसऱ्या दिवशी तो खडू घेऊन रफूच्या खोलीत आला. रोलर सात महिन्यांनी येणार होता, पण मापं आधीच घेतलेली बरी. "वहिनी, जरा पाय वर घ्या," तो अतिशय नम्रपणे म्हणाला. थोरलीनं पाय वर घेतले. त्यानं तिच्या मशिनीभोवती एक रेघ मारली आणि मग धाकटीला पाय वर घ्यायला सांगितलं. दोघी खडूच्या चौकोनात बसून राहिल्या. त्या दिवशी पायांवरून वाद झाला नाही.

रोलर सात महिन्यांनी येणार आणि निवडणूक सहा महिन्यांनी. म्हणजे एक संधी होती. कोठीवाले तेव्हापासून झपाटल्यासारखे झाले. बारीक, चष्मिष्ट, बोलताना हवेत चादरी मोजत असल्यासारखे हात हलवणारे ते गृहस्थ. एके दिवशी जेवणाच्या सुट्टीत त्यांनी सगळ्यांना थांबवलं.

"वरचा झरोका," ते म्हणाले. "मत द्या. पूर्ण उघडा, अर्धा उघडा, की बंद?"

हात वर झाले. पूर्ण उघडा, अकरा. अर्धा उघडा, नऊ. बंद, बारा.

"बंद जिंकला," असं म्हणून कोठीवाले स्टुलावर चढले आणि त्यांनी झरोका लावून घेतला. दहा मिनिटांत सगळे घामाघूम झाले. घडीवाली पदरानं वारा घेत ओरडली, "अहो, वीस जणांना हवा हवी होती की! उघडा तो!"

"वीस जणांना हवा हवी होती, पण वीस जण दोन ठिकाणी वाटले गेले," कोठीवाले स्टुलावरूनच म्हणाले. त्यांचाही शर्ट भिजला होता, पण त्यांचा चेहरा फुलला होता. "एकसारख्या दोन गोष्टी उभ्या राहिल्या की त्या एकमेकींचीच मतं खातात, आणि तिसरी जिंकते. म्हणून एकच बटण टाकू नये. आवडीचा क्रम लिहावा. पहिली पसंती कोण, ती पडली तर दुसरी कोण, ती पडली तर तिसरी कोण. जो सगळ्यांत मागे, त्याला बाद करायचं आणि त्याची मतं त्या त्या माणसाच्या पुढच्या पसंतीला द्यायची. म्हणजे कुणाला बसायला नको आणि कुणाचं मत वाया जायला नको."

"नियमात एक माणूस एक बटण असं लिहिलंय," शिट्टी म्हणाला. "नियम म्हणजे नियम."

"नियम म्हणजे नियम," त्याच्या मागून पिपाणी म्हणाला. पिपाणी हा इस्त्रीवरचा दुसरा माणूस, पंचेचाळिशीचा, सहा फुटी आणि आवाजानं मात्र किरटा. शिट्टी जे बोलेल ते तो लगेच बारीक सुरात पुन्हा म्हणायचा. नियम बदलायचा तर सगळ्या उमेदवारांची संमती लागत असे, आणि शिट्टीला ती द्यायचं काहीच कारण नव्हतं. विषय संपला.

सहा महिने असे सरले. दोघींनी पुन्हा अर्ज भरले. पुन्हा तीन अभ्रे टांगायची तयारी झाली. नाव मागे घ्यायची मुदत शुक्रवारी चार वाजेपर्यंत होती.

गुरुवारी संध्याकाळी दोघी स्वयंपाकघरात भाजी चिरत होत्या. बाहेरच्या खोलीत सासूबाई बसल्या होत्या, त्यामुळे दोघी एकमेकींशी गोड बोलत होत्या. थोरली धाकटीकडे बघत होती. हिला उरक आहे, तिच्या मनात आलं. ही भांडेलसुद्धा वरच्या साहेबांशी. माझे गुडघे आता केबिनच्या पायऱ्या चढायला कुरकुरतात. बसावं आपण. पण हे आधी सांगायचं नाही. आधी सांगितलं की समोरचं माणूस नको नको म्हणतं आणि मग मोठेपणाची सगळी मजा जाते. तिनं उद्याचं वाक्यही मनात तयार करून ठेवलं. "तुझ्यासाठी एवढं तर मी करीनच की." वाक्य तिला इतकं आवडलं की ती भाजी जरा जास्तच बारीक चिरून बसली.

शुक्रवारी दुपारी तिनं चिठ्ठी लिहिली, अभ्र्याची घालतात तशी तिची तिहेरी घडी घातली आणि कोठीतल्या पेटीत टाकली. चार वाजता सगळे जमले. कोठीवाल्यांनी पेटी उघडली. आत दोन चिठ्ठ्या होत्या. दोन्ही तिहेरी घडी घातलेल्या.

कोठीवाल्यांनी पहिली वाचली. "थोरली, माघार." सगळीकडून सुटकेचा निःश्वास आला. घडीवालीनं तर टाळी वाजवली. थोरलीनं मान किंचित झुकवली आणि आपलं वाक्य म्हणायला तोंड उघडलं.

कोठीवाल्यांनी दुसरी वाचली. मग चष्मा पुसून पुन्हा वाचली. "धाकटी," ते म्हणाले, "माघार."

दोघी जावा एकमेकींकडे वळल्या.

"जाऊबाई! तुम्ही का घेतलीत माघार?"

"तुझ्यासाठी! तू का घेतलीस?"

"तुमच्यासाठी!"

"आणि आम्ही कुणासाठी मरायचं?" घडीवाली कडाडली. "अगं बायांनो, एका घरात राहता! एका बसनं येता! तोंडं नाहीत तुम्हाला?"

शिट्टीनं शीळ सुरू केली होती, तेवढ्यात कोठीवाल्यांनी नियमांची वही काढली. पूर्वी एकदा एकमेव उमेदवार बिनविरोध निवडून आला होता आणि दुसऱ्याच दिवशी नोकरी सोडून गेला होता. तेव्हापासून असा नियम होता की एकच नाव उरलं तर सोमवारी दुपारपर्यंत पुन्हा अर्ज घ्यायचे. नियम म्हणजे नियम, असं पिपाणी सवयीनं म्हणाला आणि शिट्टीनं त्याच्याकडे डोळे वटारून पाहिलं.

त्या संध्याकाळी दोघी बसस्टॉपवर उभ्या राहिल्या. एक बस सोडली, दुसरी सोडली. घरी जाऊन हे बोलता येणार नव्हतं.

"खरं सांग," थोरली म्हणाली. "माझ्यासाठी घेतलीस?"

धाकटीनं तिसरी बसही जाऊ दिली. "तुमच्यासाठी घेतली असं मला वाटत होतं," ती म्हणाली. "पण जिंकेल तिला काचेच्या केबिनमध्ये बसावं लागतं. एकटीला. दार बंद. मला नव्हतं जायचं तिथं."

थोरलीनं मान हलवली. कारण भाजी चिरताना गुडघ्यांच्या मागे लपून तिच्याही मनात हेच बसलेलं होतं. रफूची खोली वाचवायची ती समोरासमोर बसता यावं म्हणून, आणि वाचवायची तर एकीनं उठून जायला हवं. "मेली कटकट," ती म्हणाली. यावर धाकटीचं दुमत नव्हतं.

सोमवारी दुपारी पाच अर्ज होते. या दोघींच्या भरवशावर राहण्यात अर्थ नाही म्हणून घडीवालीनं स्वतःचं नाव दिलं होतं. थोरलीनं पुन्हा दिलं, कारण धाकटी देईल की नाही याची खात्री नव्हती. धाकटीनं त्याच कारणासाठी दिलं. शिट्टी होताच. आणि पाचवा अर्ज पिपाणीचा.

शिट्टीची शीळ बंद पडली. लाँड्रीतल्या जुन्या माणसांनाही असं कधी झाल्याचं आठवत नव्हतं.

"अरे, तू कशाला?" तो म्हणाला. "तुझं आणि माझं म्हणणं एकच आहे ना?"

"एकच आहे," पिपाणी म्हणाला. "म्हणून तर. तुमच्याइतकंच मलाही जमेल."

"मग बस की खाली!"

"तुम्ही बसा," पिपाणी म्हणाला. आयुष्यात पहिल्यांदाच तो शिट्टीच्या आधी काहीतरी म्हणाला होता आणि ते त्याला फार आवडलेलं दिसत होतं. "दर वेळी तुम्हीच का?"

शिट्टीनं इस्त्रीकडे पाहिलं. इस्त्रीवरची माणसं तेरा. त्यातली पाच-सहा तरी पिपाणीच्या बाजूनं हसत होती. तेरातून पाच गेले तर किती राहतात हे मोजायला त्याला कोठीवाल्यांची गरज पडली नाही. तो केबिनमध्ये गेला, दार लावलं, थोड्या वेळानं बाहेर आला.

"कोठीवाले," तो म्हणाला, "ते तुमचं क्रमाचं काय होतं? मी सहज विचारतोय."

कोठीवाल्यांना इतका आनंद झाला की त्यांनी स्टूल मागवलं. पण या वेळी कुणालाच समजावून सांगायची गरज नव्हती. पाचही जणांनी संमतीच्या सह्या केल्या.

बटणांवर क्रम लिहिता येत नाही, म्हणून चादरींवर वॉर्डाचा नंबर घालायच्या कापडी पट्ट्या वापरायचं ठरलं. प्रत्येकाला एक पट्टी आणि न पुसणारी शाई. पाच नावं आणि त्यांच्यापुढे आपला क्रम. पडद्याआड जायला आता माणशी पाच-पाच मिनिटं लागायला लागली. एकानं आतून विचारलं, "दोघांना एकच नंबर दिला तर चालेल का?" आणि कोठीवाले बाहेरून ओरडले, "नाही!"

थोरली आत गेली. धाकटीच्या नावापुढे तिनं एक लिहिलं. त्याबद्दल तिला शंका नव्हती. मग दोन कुठं लिहायचा? दुसरी पसंती ती स्वतःच होती, पण आपल्याच हातानं आपलंच नाव लिहायचं म्हणजे तिला चारचौघांत स्वतःचं कौतुक केल्यासारखं वाटलं. पडद्याआड कुणी बघत नव्हतं, तरी तिला लाज वाटली. तिनं पट्टी तशीच घडी करून दिली.

मोजणी सुरू झाली. पाच अभ्रे. पहिल्या पसंतीच्या पट्ट्या त्या त्या अभ्र्यात गेल्या. शिट्टी आठ, थोरली आठ, धाकटी सात, पिपाणी पाच, घडीवाली चार.

"घडीवाली बाद," कोठीवाले म्हणाले. घडीवालीनं "बरं झालं" म्हटलं, पण तिचं नाक लाल झालं. तिच्या चार पट्ट्या बाहेर काढून दुसरी पसंती बघितली गेली. दोन थोरलीला, दोन धाकटीला.

"आता पिपाणी बाद." पिपाणीनं हात जोडून सगळ्यांना नमस्कार केला. त्याच्या पाच पट्ट्या उघडल्या. पाचही शिट्टीला. त्यातली एक पिपाणीची स्वतःचीही असणार.

कोठीवाल्यांनी पाटीवर नवे आकडे लिहिले आणि खडू हातात तसाच राहिला. शिट्टी तेरा. थोरली दहा. धाकटी नऊ.

तेच आकडे. एवढं सगळं करून, इतक्या पट्ट्या, इतकी शाई, इतकं स्टुलावर चढणं, आणि पुन्हा तेच. शिट्टीनं ओठांचा चंबू केला, पण शीळ काही बाहेर आली नाही, कारण कोठीवाले अजून बोलत होते.

"मागच्या वेळी आपण इथं थांबलो होतो," ते म्हणाले. "या वेळी थांबायचं नाही. धाकटी बाद."

त्यांनी धाकटीचा अभ्रा पालथा केला. एक पट्टी उचलली, थोरलीच्या अभ्र्यात टाकली. दुसरी उचलली, थोरलीच्या अभ्र्यात. तिसरी, चौथी. घडीवाली मोठ्यानं मोजायला लागली आणि तिच्यामागे सगळ्या घडीवाल्या. चौदा, पंधरा, सोळा. "सतरा," म्हणताच ओरडा झाला. अठरानंतर कोठीवाले थांबले. शेवटच्या पट्टीवर धाकटीपुढे एक होता आणि बाकी काहीच नव्हतं.

"ही पट्टी इथंच संपली," ते म्हणाले. "कुणीतरी पुढचं लिहायचंच राहिलंय."

"कोण गं ही वेंधळी?" घडीवाली म्हणाली. थोरलीनं छताकडे पाहिलं.

अठरा विरुद्ध तेरा. रफूची खोली वाचली. रोलरची मागणी रद्द झाली आणि फरशीवरचा खडू धाकटीनं स्वतः ओल्या फडक्यानं पुसून काढला. शिट्टीनं केबिनची किल्ली आणून थोरलीच्या हातात दिली. "वहिनी, खुर्चीचं डावं चाक अडकतं," एवढं सांगून तो गेला. खरंच, माणूस वाईट नव्हता.

केबिन उंचावर होती. चार पायऱ्या चढून जायचं. काचेतून सगळी लाँड्री दिसायची, फक्त ऐकू काही यायचं नाही. रफूची खोली बरोबर समोर, दार उघडं असलं की धाकटीची मशीन दिसायची आणि तिच्यासमोर एक रिकामं स्टूल. त्या स्टुलावर कुणाला बसवायचं हे पाळीप्रमुखानं ठरवायचं होतं. थोरलीचा पहिला हुकूम.

तिनं आधी घड्यांकडची एक मुलगी पाठवली. दोन दिवसांनी धाकटी पायऱ्या चढून आली. "दोरा फार ओढते," ती म्हणाली. थोरलीनं मग धुलाईकडची एक बाई पाठवली. हात सफाईदार, बोलणं कमी. तीन दिवसांनी धाकटी पुन्हा आली. "ती वर बघतच नाही. इतके पाय जातात खिडकीवरून, तिला काही पडलेलीच नाही."

तिसऱ्या वेळी थोरलीनं विचार करून निवड केली. वाळवणीकडची एक प्रौढ बाई, हसतमुख, गप्पिष्ट, शिवणात तरबेज. काचेतून तिनं पाहिलं, दोघी बोलत होत्या. ती बाई हसत होती. थोरलीला बरं वाटलं. मग तिला जरा वेळानं फारसं बरं वाटेनासं झालं, आणि तिनं पाळ्यांचा तक्ता काढून उगाच पुन्हा लिहायला घेतला.

आठवडाभर धाकटी आली नाही. घरी दोघी गोड बोलत होत्या. सासूबाई खूश होत्या. नवव्या दिवशी दार उघडलं आणि धाकटी आत आली. तिचे डोळे लाल होते.

"आता काय?" थोरली म्हणाली. "ही तर चांगली आहे."

"फार चांगली आहे."

"मग?"

"मी म्हटलं, ते काळे बूट डॉक्टरचे. ती म्हणाली, हो. मी म्हटलं, नाही, रखवालदाराचे. ती म्हणाली, हो, तसंच वाटतंय. मी काहीही म्हटलं तरी ती हो म्हणते." धाकटीनं पदरानं नाक पुसलं. "भांडू कुणाशी मी? सगळी लाँड्री म्हणते, आपण दोघी एकसारख्या. एकीला झाकावं नि दुसरीला काढावं. त्यापायीच सहा महिने घालवले. आणि आता तुमच्यासारखी एक म्हणून सापडत नाही."

थोरली खुर्चीतून उठायला गेली, तर डावं चाक अडकलं.

"मी पुढच्या वेळी उभीच राहणार नाही," ती शेवटी म्हणाली. "मी येते परत माझ्या जागेवर."

"मग मीही नाही उभी राहणार. मी कशाला जाऊ इथं वर?"

"अगं, मग शिट्टी येईल!"

"येऊ दे! पिपाणी त्याला बघून घेईल."

"पिपाणी? पिपाणीचं डोकं तरी आहे का ठिकाणावर? आणि तो आला तरी खोली जाईलच ना! तुला एवढं कळत नाही?"

"मला कळत नाही? स्वतःची पट्टी अर्धवट कुणी टाकली?"

"ती माझी होती हे तुला कुणी सांगितलं?"

"सांगायला कशाला हवं? लाजून लाजून स्वतःचं नाव न लिहिणारी दुसरी आहे कोण इथं?"

थोरलीनं टेबलावर हात आपटला. धाकटीनं कमरेवर हात ठेवले. बाहेर कुणाला शब्द ऐकू येत नव्हते, पण काच होती. आधी घडीवालीनं वर पाहिलं, मग इस्त्रीवाल्यांनी. धाकटी बोटं नाचवत होती, थोरली मान उडवत होती, आणि दोघींचे चेहरे असे खुलले होते की शिट्टीनं शीळ थांबवून रोलर बंद केला. रफूच्या खोलीतली ती हसतमुख बाई दारात येऊन उभी राहिली आणि घाबरून विचारायला लागली, कुणीतरी वर जायला हवं का? घडीवाली म्हणाली, "कुणी जाऊ नका. पाच वाजेपर्यंत चालेल हे."

पाच वाजले तरी ते चालूच होतं. शेवटची बस गाठायची म्हणून दोघी तशाच भांडत पायऱ्या उतरल्या, भांडत रस्त्यावर आल्या, आणि घराच्या दाराशी येऊन गप्प झाल्या.

"आलात का गं?" सासूबाईंनी आतून विचारलं.

"आलो आई," दोघी एका आवाजात म्हणाल्या, आणि थोरलीनं धाकटीचा हात दाराबाहेरच घट्ट दाबून मग सोडला.